दिवाबुरुजावरचं पाचवं फूल

१

अठ्ठेचाळिसावी पायरी चढून मी नेहमीसारखी बाजूला झाले, हात पसरला आणि म्हणाले, "आणि हा आपला दिवा."

माझ्यामागून सेलूच्या चौदा बायका धापा टाकत वर आल्या. त्यांनी माझ्या हाताच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दगडी कट्ट्यावर तेलाचं एक ओलं गोल कडं होतं. दिवा नव्हता.

"बाई, दिवा तर दिसून नाई राह्यला," सगळ्यात पुढच्या रुख्माबाई म्हणाल्या. गाईडला विचारायचा प्रश्न म्हणून तो अगदी योग्य होता.

तासाभरापूर्वी हिंगणीच्या मंडळींना मी हाच दिवा जळताना दाखवला होता. घागरीएवढा पितळी दिवा, नऊ किलोंचा, तो काही वाऱ्यानं उडत नाही. मी कट्ट्याच्या मागे पाहिलं, खिडकीच्या कोनाड्यात पाहिलं, तेलाच्या बुधल्यापाशी पाहिलं. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. रुख्माबाईंना मात्र दिव्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची ओढ होती. खाली मी त्यांना कबूल केलं होतं की, नदीकडच्या खिडकीतली चाकाची दोरी ओढू देईन. पूर्वी ह्याच दोरीनं तेलाचा डबा वर घेत. आता रिकामा डबा टांगलेला असतो आणि तीन वर्षांचं पोरही तो वर ओढतं. एवढ्या गोंधळात त्यांनी जाऊन दोरी ओढून पाहिली आणि तक्रार केली, "तुयी दोरी तर हालत बी नाई."

डबा खाली डोहाकाठच्या बेशरमीच्या झुडपात अडकला असेल, तो नेहमीच अडकतो, असं मी सांगितलं आणि पुन्हा कट्ट्याकडे वळले. आज लिहिताना मला माझाच राग येतो. पण गाईडचं असंच असतं. ती इतकं बोलते की, तिला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

कट्ट्याच्या कडेला, तेलात भिजलेलं, एका बाजूनं करपलेलं एक फूल पडलं होतं. रुईचं. देठाला शेंदूर होता. मी ते उचललं आणि कुणाला न दाखवता माझ्या कंपासपेटीत ठेवलं.

२

आमचं पिंपळघाट समुद्रपूरपासून सात मैलांवर, वणा नदीच्या काठाला. समुद्रपूर ऐकून येणारे लोक समुद्राची चौकशी करतात. मी त्यांना सांगते की, समुद्र नाही, पण दीपगृह आहे, चला. हसत हसत ते माझ्या मागे येतात, आणि एकदा मागे आले की, मी त्यांना सोडत नाही.

पूल व्हायच्या आधी कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, इथल्या उतारावरून नदी ओलांडून हिंगणघाटच्या बाजाराला जात. सांज झाली की, बुरुजावर दिवा लागे. नदीकडच्या खिडकीत पांढरी काच लावली असली की, या, पाणी गुडघ्याएवढं आहे. लाल काच लावली की, थांबा, नदी चढली आहे. दिवा लावायचं काम तीन पिढ्या एकाच घराकडे. आता पूल आहे, बंड्यांची जागा ट्रकांनी घेतली आहे, पण प्रेमदासबाबा अजून रोज तिन्हीसांजेला वर जातात, दिवा लावतात, आणि तासाभरानं पितळी टोपण ठेवून तो शांत करतात. शनिवार-रविवारी पाहुण्यांसाठी तो दुपारपासूनच जळतो. बुरुजाची चाबी त्यांच्या करदोट्याला असते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अठ्ठेचाळीस पायऱ्या एका दमात चढतो.

मी कोकिळा, दहावीत आहे. नावाप्रमाणे बोलते असं आता सगळे म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज फुटत नव्हता. आमच्या वर्गाच्या शोभाबाई वर्ध्याहून बदलून आल्या आणि त्यांनी शाळेच्या समाजसेवेचे तास वाटताना मला मुद्दाम पाहुण्यांना बुरूज दाखवायचं काम दिलं. पहिल्या दिवशी मी सहा लोकांसमोर नुसती घाम पुसत उभी राहिले. मागे उभे असलेले प्रेमदासबाबा हळूच म्हणाले, "मोठ्यानं बोल, बाई. दिव्याले ऐकू गेलं पाह्यजे." मी मोठ्यानं बोलले. तेव्हापासून, म्हणजे जुलैपासून आजच्या डिसेंबरपर्यंत, दर शनिवार-रविवार मी मोठ्यानंच बोलते आहे.

दिवा गेल्याचं कळलं तेव्हा बुरुजाखाली चौघं होती. पहिले भैयाजी. कापसाची जिनिंग त्यांची, गावच्या बुरूज समितीचे मुख्य तेच, आणि बुरूज बांधणारे अण्णाजी हे त्यांचे आजोबा. दारावरच्या दगडात कोरलेलंच आहे, "हा बुरूज व दिवा अण्णाजी यांनी लोकांसाठी दिला". दुसऱ्या शोभाबाई. तिसरे नागपूरचे ओमप्रकाश, जुन्या पितळी वस्तूंचे व्यापारी, जे दुपारपासून दिव्याभोवती घुटमळत होते. चौथे प्रेमदासबाबा. ते दाराशेजारी उकिडवे बसून त्याच दगडातल्या अक्षरांत काळा रंग भरत होते, कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहा वाजता मुंबईहून जुन्या वास्तू पाहणारे साहेब येणार होते. बुरूज त्यांच्या यादीत जायचा की नाही ते ठरणार होतं.

मी खाली येऊन सांगितलं तसे भैयाजी एकदम प्रेमदासबाबांकडे वळले.

"चाबी कोनाजवळ हाय?"

"माह्याजवळ," बाबा म्हणाले. हातातला ब्रश तसाच.

"मंग दिवाही तुह्याजवळच पाह्यजे. उद्या साहेब येईपर्यंत दिवा आला नाई, त समिती बुरुजाले कुलूप लावते आन् चाबी कायमची काढून घेते. आज माह्याजवळ ठेवतो."

प्रेमदासबाबांनी करदोट्याची गाठ सोडली. ती लवकर सुटेना. इतक्या वर्षांत ती कधी सोडलीच नव्हती. चाबी दिल्यावर त्यांचा हात दोन-तीनदा कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला. ते मला पाहवलं नाही.

"उद्या दहाच्या आत दिवा सापडेल," मी म्हणाले. इतकं मोठ्यानं की, नदीपलीकडच्या बगळ्यानंही मान वळवली.

३

सगळ्यांनी आधी रस्त्यावरच्या कापसाच्या बंड्यांवर धाव घेतली. हंगाम होता, चार बंड्या पिंपळाखाली उभ्या होत्या. लोक वर चढून कापसात हात घालायला लागले. मी म्हटलं, उतरा. तासभर जळलेला पितळी दिवा हाताला चटका देतो. तो गरम दिवा कापसात खुपसायचा म्हणजे बंडी पेटवून द्यायची. आपल्या इकडचं शेंबडं पोरगंही हे करणार नाही. लोक जरा ओशाळून उतरले. ओमप्रकाशच्या स्कूटरची डिकी पाहिली, त्यात धोब्याकडचे कपडे आणि संत्री निघाली.

मग मी एकेकाला गाठलं. गोष्ट अशी होती की, हिंगणीच्या मंडळींना मी वरून खाली आणून उतार दाखवायला नदीत घेऊन गेले, आणि त्या अर्ध्या तासात चौघंही एकेकदा वर जाऊन आली होती. दार उघडंच होतं. प्रत्येकाचं म्हणणं, मी गेलो तेव्हा दिवा जळत होता. कोण आधी, कोण नंतर, हे कुणालाच नक्की सांगता येईना. प्रेमदासबाबांचं तोंड दगडाकडे होतं. पण त्यांना एक पक्कं माहीत होतं. बुरुजावर अनवाणी जायची पद्धत असल्यामुळे उतरणारा प्रत्येकजण त्यांच्याजवळच वाकून चपला घालत होता, आणि कुणाच्याही हातात, काखेत काही नव्हतं. नऊ किलोंचा दिवा कुणी धोतरात लपवत नाही.

म्हणजे दारातून दिवा उतरलाच नव्हता. आणि वरही नव्हता.

आता फूल. त्या दिवशी दोन वाजता भैयाजी मारुतीचं दर्शन करून आले होते. दर शनिवारी ते तसे येतात, कपाळाला शेंदूर, पांढरा दुपट्टा खांद्यावर, हातात द्रोण. द्रोणातली फुलं त्यांनी आम्हाला वाटली, शोभाबाईंना, ओमप्रकाशला, प्रेमदासबाबांना आणि मला, एकेक. सगळी रुईची, सगळ्यांना शेंदूर लागलेला. रुई बांधाबांधावर उगवते, पण शेंदूर लागलेली रुई फक्त मारुतीच्या पायाकडून येते. ज्यानं दिवा उचलला त्यानं आधी तो शांत केला होता, आणि तो फुंकून नाही. आपल्यातली माणसं दिवा फुंकत नाहीत. फुलानं दाबतात. चोरी करतानासुद्धा त्या माणसाला तोंडानं दिवा विझवणं जमलं नव्हतं.

तेव्हा ज्याचं फूल गेलं, तोच चोर. मला हे इतकं सोपं वाटलं की, मी शीळ वाजवत निघाले.

ओमप्रकाशला पहिल्यांदा धरलं. त्याच्यावर माझा फारच राग होता. दुपारी अंधाऱ्या जिन्यातून मी पणती धरून त्याला वर नेलं होतं आणि वर पोचताच त्यानं फू करून ती विझवली होती. प्रेमदासबाबांनी त्याला तिथल्या तिथे झापलं. वर तो म्हणे, "तेल बचाया ना बाबा आपका." दिव्याला मागाल ती किंमत द्यायला तो तयार होता, हेही त्यानं लपवलं नाही. "देखो बेटी, मुझे चाहिए होता तो खरीदता. पितळेचं काम असं आता होत नाही. चुराके मैं किसको दिखाऊँगा?" फूल विचारलं तर त्यानं स्कूटरच्या हँडलकडे बोट केलं. आरशाच्या दांडीत ते खोचलेलं होतं, शेंदरासकट.

शोभाबाईंनी पर्स उघडली. वहीच्या दोन पानांत फूल दाबून ठेवलं होतं. मग चष्म्यातून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "माझ्यावरही संशय, कोकिळा?" मी म्हटलं, बाई, तुम्हीच शिकवलंत, एकही उदाहरण सोडायचं नाही. त्यावर त्या हसल्या, पण डोळ्यांत काळजी होती. उद्या साहेबांसमोर बुरूज बंद निघाला, तर माझे सेवेचे तास त्या कशाच्या नावावर मांडणार, हा प्रश्न त्यांना पडलेला होता, आणि मला त्याहून मोठा पडला होता. बुरूज नसेल तर मी पुन्हा कुणाशी मोठ्यानं बोलणार?

प्रेमदासबाबा नदीच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलेली, ते मारुतीला जात नाहीत. मला वाटलं, यांनी फूल कुठंतरी टाकलं असेल आणि आता मी काय करू. पण ते त्यांच्या ब्रशाच्या डब्याच्या कानात खोचलेलं होतं.

"मी मारुतीले मानत नाई," ते म्हणाले, "पन फुलाचा काय गुन्हा?"

माझं फूल माझ्या वेणीत होतं. हात लावून पाहिला. होतं.

चार फुलं, चारही जागेवर. मग माझ्या कंपासपेटीतलं कुणाचं?

४

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. आई मध्येमध्ये "हं" म्हणत होती, म्हणजे ती भाकरीकडे लक्ष देत होती. मग तिनं ताटं मांडली, माझे बाबा, काका, काकू, मी आणि माझे दोन भाऊ. टोपलीतून एकेक भाकर वाढली, वर जवसाची चटणी आणि तेल. सवयीनं मी मोजलं. सहा.

"आई, तुयं ताट?"

"मी वाढनारी हाव. मले कोन मोजते? माही टोपलीतच हाय."

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच धरून बसले. बाबांनी विचारलं, मिरची लागली का.

मी फुलं मोजली होती ती घेणाऱ्यांची. देणाऱ्याचं फूल मी मोजलंच नव्हतं. चार वाटून झाल्यावर भैयाजींनी स्वतःचं, शेवटचं फूल सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. मी पाहिलं होतं ते. पाहूनही मोजलं नव्हतं, कारण मोठ्या माणसाकडे आपण हिशेब मागत नाही.

आणि मग एकेक सुचत गेलं, भराभर, जसं गाईड करताना मला पुढचं वाक्य आपोआप सुचतं. दुपारी भैयाजींच्या खांद्यावर दुपट्टा होता. संध्याकाळी चाबी घेताना ते नुसत्या सदऱ्यावर होते आणि थंडीनं हात चोळत होते. गरम दिवा उघड्या हातानं धरता येत नाही. रुख्माबाईंनी ओढलेली दोरी. ती झुडपात अडकलेली नव्हती, डोहाच्या गाळात रुतलेल्या ओझ्यानं जड होती.

आता फक्त एकच गोष्ट कळत नव्हती. काऊन? ज्यांच्या आजोबांनी दिवा दिला, त्यांनीच तो का घ्यावा?

तेही आठवलं, आणि ते आठवल्यावर मात्र माझी भूक गेली. कारण तो गोंधळ मीच केला होता. हिंगणीच्या मंडळींसमोर, माझ्या नेहमीच्या आवाजात, मी जाहीर केलं होतं की, दिव्याच्या बुडाला काजळीखाली अक्षरं आहेत, बोटाला लागतात, आणि उद्या साहेब यायच्या आधी मी चिंचेनं बूड घासून ती सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. खाली उभ्या असलेल्या चौघांनीही ते ऐकलं असणार. अक्षरं काय आहेत ते त्या चौघांतल्या एकालाच माहीत असणार.

५

रविवारी नऊ वाजता मी चौघांना बुरुजाखाली बोलावलं. भैयाजींनी चाबी आणली होती. गावातली वीस-पंचवीस माणसंही आली, त्यांना बोलवावं लागत नाही. माझ्या हातात कंपासपेटी आणि चिंचेचा गोळा. आवाज कापत नव्हता. आवाज आता माझं ऐकतो.

मी आदल्या दिवशी काय झालं ते क्रमानं सांगितलं. दारातून काही उतरलं नाही. कापसात कुणी ठेवलं नाही. दिवा शांत केला तो फुलानं, म्हणून नागपूरचे भाऊ सुटले, ते फुंकतात. लोक हसले. ओमप्रकाशनं कान पकडले. मग मी कंपासपेटी उघडून फूल दाखवलं आणि फूल घेणाऱ्या आम्हा चौघांची चार फुलं कुठं होती ते सांगितलं. शेवटी जे बोलायचं होतं त्यासाठी मला एकदा प्रेमदासबाबांकडे पाहावं लागलं.

"भैयाजी, राग नका मानू. तुमचं फूल कुठी हाय?"

त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा आहे हे त्यांना माहीत होतं, तरी गेला. कालच्या प्रेमदासबाबांच्या हातासारखाच.

"बाबा," मी म्हणाले, "चाबी घ्या, वर चला, आणि ती चाकाची दोरी ओढा."

भैयाजींनी चाबी पुढे केली. प्रेमदासबाबा आधी वर गेले, मागून मी, शोभाबाई, आणि बाकीचे जिन्यात मावतील तेवढे. खिडकीखाली सरळ डोह आहे. दोरी ताठ होती आणि पाण्यात गेली होती. बाबांनी दोन्ही पाय कट्ट्याला रोवले आणि ओढायला सुरुवात केली. चाक करकरलं. खालून ओमप्रकाश ओरडला, "आ रहा है, आ रहा है." पाण्यातून डब्याच्या जागी बांधलेलं एक पांढरं गाठोडं वर आलं, ठिबकत, हळूहळू फिरत. खिडकीत घेऊन सोडलं तर लाल काठाचा दुपट्टा, आणि आत दिवा.

तेवढ्यात भैयाजीही वर आले होते. जिन्यातली माणसं बाजूला सरली आणि ते कट्ट्यासमोर उभे राहिले.

"फोडनार नव्हतो मी," ते म्हणाले. "साहेब गेल्यावर जागेवर ठेवनार होतो."

"फुंकला का नाही?" शोभाबाईंनी विचारलं. "फुंकला असतात तर सापडला नसतात."

"दिवा फुंकतेत का, बाई?" त्यांनी असं विचारलं की, जणू चोरीपेक्षा तेच मोठं पाप होतं.

मी दिवा पालथा केला आणि चिंच घासायला लागले. काजळी नव्वद वर्षांची होती. आधी एक काना दिसला, मग एक वेलांटी, मग पितळ उजळत गेलं आणि ओळी वर आल्या. शोभाबाई वाकल्या, पण मी त्यांना थांबवलं आणि स्वतः वाचलं, नेहमीच्या आवाजात, दिव्याला ऐकू जाईल असं.

"भागीरथा व अकरा घरे. आमच्या भांड्यांचा दिवा. घाटावरच्या सर्वांसाठी. सन १८९१."

प्रेमदासबाबा कट्ट्यावर बसले.

"भागीरथा माही आजी," ते म्हणाले. "तिचा मोठा पोरगा चढत्या नदीत बंडीसंग गेलता. माहा बाप सांगे, त्या साली आमच्या वस्तीत मातीच्या भांड्यात रांधत. काऊन, ते मले कधी समजलं नाई."

आता समजलं. आम्हा सगळ्यांनाच. अकरा घरांनी आपली पितळी भांडी दिली, ती वितळवून हा दिवा झाला, आणि मग ती घरं मडक्यांत रांधत राहिली. त्यांनी दिलेल्या दिव्याला त्यांचीच पोरं तीन पिढ्या नोकरासारखी तेल घालत आली.

भैयाजींनी सगळं सांगितलं, थांबत थांबत. ते आठ वर्षांचे असताना आजोबांनी दिवा पालथा करून त्यांना अक्षरं दाखवली होती, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. बुरूज आजोबांनीच बांधला होता, ते खरंच. खोटं एका शब्दापुरतं होतं. पण तो शब्द वाढत वाढत त्यांच्या घराचा मान झाला होता, आणि काल माझा आवाज ऐकून त्यांना वाटलं, आता तो मान साहेबांसमोर चारचौघांत उतरेल.

"मले वाटलं, चाबी माह्याजवळ आली का बुरूज बंद," ते म्हणाले. "मंग कोन घासते आन् कोन वाचते." ते प्रेमदासबाबांकडे वळले. "चाबी तुहीच हाय, प्रेमदास. माफी मागतो. आनखी काय पाह्यजे ते सांग."

बाबांनी चाबी करदोट्याला बांधली. सावकाश, गाठ दोनदा ओढून पाहत. मग म्हणाले, "चाबी भेटली. आता ब्रश आना."

६

पावणेदहाला आम्ही सगळे दाराच्या दगडासमोर उभे होतो. प्रेमदासबाबांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं, डोळे बारीक करून, त्या अक्षरांत काळा रंग भरला होता. "हा बुरूज व दिवा". ज्या दोन शब्दांनी त्यांची आजी पुसली गेली, तेच शब्द त्यांनी सगळ्यात सुबक रंगवले होते.

मी चुन्याची बालदी धरली. बाबा ब्रश बुडवायला वाकले, पण भैयाजींनी तो त्यांच्या हातातून घेतला. अनवाणी, दुपट्ट्याशिवाय, थंडीत, ते दगडापुढे उकिडवे बसले आणि "व दिवा" ह्या अक्षरांत चुना भरला. एकदा, मग पुन्हा एकदा, काळं दिसेनासं होईपर्यंत. ओमप्रकाशनं स्कूटरवरचं फूल काढून दगडापाशी ठेवलं.

दहा वाजता जीप आली. साहेब दोन होते, एक लिहिणारे, एक विचारणारे. मी पुढे झाले, पणती पेटवली, चपला काढायला सांगितलं, आणि सुरू झाले. कापसाच्या बंड्या, पांढरी काच, लाल काच, अठ्ठेचाळीस पायऱ्या मोजत चला. साहेब मोजायला लागले. साहेबही मोजतातच.

वर दिवा जळत होता. बूड घासलेलं, पोट अजून काळंच. विचारणाऱ्या साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "हा दिवा कुणी दिला?"

हा माझा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर मला पाठ होतं, आणि नवं उत्तर तर मी रात्रीपासून... नाही, सकाळपासून घोकत होते. मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

आणि दाराशी उभे असलेले प्रेमदासबाबा, जे जुलैपासून माझ्या एकाही फेरीत चार लोकांसमोर दिव्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, ते पुढे आले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली.

"माह्या आजीनं," ते म्हणाले. "सांगतो, बसा."

मी पणती कोनाड्यात ठेवली, खिडकीला पाठ लावली आणि पहिल्यांदाच, पुऱ्या फेरीभर, ऐकत उभी राहिले. ते मोठ्यानं बोलत होते. दिव्याला ऐकू जात होतं.